विजोड जोडीचं जू

बैलबाजारात जोड पाहताना जाणता कास्तकार एकेका बैलाची शिंगं आणि वशिंड नंतर बघतो, आधी दोघांना सोबत चालवून बघतो. एक तडफेचा आणि दुसरा संथ असला की जू तिरपं होतं, एकाचा खांदा सुजतो आणि वखराचं तास वाकडं जातं. दोष कोणत्याच बैलाचा नसतो. जुन्या बुलेटवर डिझेल इंजिन आणि विजेची मोटर एकत्र आणण्याचा उद्योग नेमका असा आहे. डिझेल इंजिनाला एकच चाल आवडते. मिनिटाला अडीच हजार फेरे, बऱ्यापैकी भार, आणि दिवसभर तेच. मोटरचं उलटं. ती उभी असते तेव्हाच तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, आणि ती क्षणात शून्यावरून पूर्ण ताकदीवर येते. दोघांचेही गुण पक्के आहेत. काम फसतं ते जुवात, म्हणजे पट्टा, पुली, डायोड, कॉन्टॅक्टर आणि फ्रेमच्या बोल्टांत.

डिझेलवर चालणारी बुलेट विदर्भाला नवी नाही. रॉयल एनफिल्डची ३२५ सीसीची डिझेल गाडी अजून एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली सापडते. साडेसहा अश्वशक्ती, ताशी पासष्टच्या पुढे जायची इच्छा नाही, पण लिटरला सत्तरच्या घरात किलोमीटर. म्हणून ‘डिझेलला मोटर जोडली तर शंभर देईल’ हा हिशेब पानठेल्यावर लगेच मांडला जातो. तो हिशेब आधी मोडून काढायला हवा.

१ लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. लहान एक-सिलिंडर इंजिन चांगल्या भाराखाली त्यातली ३ युनिटं शाफ्टवर देतं, बाकीची सायलेन्सर आणि फिन्समधून (इंजिन थंड करणाऱ्या पात्यांमधून) हवेत जातात. या ३ युनिटांची वीज करताना पट्टा ५ टक्के खातो, जनरेटर १४, डायोड ३. बॅटरीत पोचतात २.३ युनिटं. पुढे बॅटरीची आत-बाहेर, कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारी पेटी), मोटर आणि चेन यांचं खाणं धरलं तर चाकापर्यंत पावणेदोन युनिटंही जेमतेम पोचतात. तेच इंजिन सरळ गिअरबॉक्समधून चाकाला जोडलं असतं तर अडीचच्या वर मिळाली असती. हो, सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना इंजिनावर पावभारच असतो, तिथे त्याची कार्यक्षमता घसरते आणि हे अंतर बरंच कमी होतं. पण फायदा म्हणून मिरवावं इतकं ते उलटत नाही. इंजिन जनरेटर फिरवतं आणि फक्त मोटर चाक फिरवते, अशी रचना डिझेल वाचवायला करू नये.

मग करावी कशाला? कारण वावरात गाडीला नुसतं चालायचं नसतं, उभं राहूनही काम करायचं असतं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, आणि तिथून फार दूर नसलेल्या वावरातला कास्तकार कृषी फीडरच्या पाळीची वाट बघत रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर बसतो. डीपी (रोहित्र) जळाली तर तीही पाळी नाही. अशा ठिकाणी ३ किलोवॅट वीज धुऱ्यावर नेऊन उभी करता येणं, फवारणीचा पंप, छोटी डीसी पाणमोटर किंवा इन्व्हर्टरवर कडबा कुट्टी चालवता येणं, याची किंमत लिटरमागे किती किलोमीटर यात मोजता येत नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. रानडुकरांच्या राखणीला जाताना डिझेल बुलेट दोन किलोमीटरवरून वर्दी देते, मोटरवरची गाडी पऱ्हाटीतून मुकाट जाते.

हे काम हवं असेल तर माझ्या मते इंजिन बुलेटमध्ये बसवूच नये. बुलेट पूर्ण विजेची करावी आणि डिझेल जेनसेट, म्हणजे इंजिन आणि जनरेटरची जोडी, डाव्या बाजूच्या साइडकारच्या सांगाड्यावर, सोडता येईल असा बसवावा. एकाच फ्रेममध्ये इंजिन, जनरेटर, मोटर आणि बॅटरी कोंबलेल्या गाड्यांत कुठल्याच भागाला पाना लागत नाही आणि सगळ्यांत गरम जागी नेमकी बॅटरी येते.

जुनी कास्ट आयर्न बुलेट या कामाला सोयीची, कारण तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे आहेत. ३५० चं इंजिन काढलं तरी चार गिअरची पेटी, क्लच आणि मागची चेन जागेवर राहते. पण इथेच पहिली चूक होते. या फ्रेमला खालून पाळणा नाही. पुढची एकच नळी इंजिनापर्यंत येते आणि तिथून मागच्या सांगाड्यापर्यंत खुद्द इंजिनच फ्रेमचं काम करतं. इंजिन काढून तिथे नुसती मोटर लटकवली तर पहिल्याच खड्ड्यात पुढचं चाक आणि मागचं चाक एकमेकांपासून फाकायला लागतात. इंजिन काढण्याआधी दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवावं, ६ मिलिमीटरच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटा इंजिनच्या मूळ बोल्टांच्या भोकांवरून आखून कापाव्यात, आणि दोन प्लेटांमध्ये नळीचे ठोकळे घालून पेटीसारखा पाळणा करावा. प्लेटा बोल्टनेच बसवाव्यात. फ्रेमवर वेल्डिंग केलं की नळी त्या जागी कडक होते आणि वर्षभरात वेल्डच्या काठाला तडा जातो.

मोटर ४८ व्होल्टची, ३ किलोवॅटची, साधारण ३,००० फेऱ्यांची ब्रशलेस घ्यावी. तिचा शाफ्ट क्रँकशाफ्ट होता नेमक्या त्याच मध्यरेषेवर यायला हवा. तसं जमलं तर मूळ प्रायमरी चेन (इंजिनकडून क्लचकडे जाणारी), क्लच आणि तेलाची पेटी सगळं वापरता येतं, लेथवर फक्त इंजिन स्प्रॉकेटला मोटरच्या शाफ्टप्रमाणे बुश करून घ्यावा लागतो. एक मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर दुहेरी चेनची एकच लड ओढते, दुसरी नुसती फिरते, आणि महिन्याभरात दातांच्या कडा धारदार होतात. सरळ पट्टी दोन्ही स्प्रॉकेटांच्या तोंडावर टेकवून प्रकाश दिसतो का बघावं. डोळ्याच्या अंदाजावर सोडू नये.

‘विजेच्या गाडीला गिअर कशाला’ हे ऐकून पुष्कळ जण पेटीच काढून टाकतात. आकडे बघा. ३ किलोवॅटची मोटर ३,००० फेऱ्यांना सतत साडेनऊ न्यूटन-मीटर जोर देते. चौथ्या गिअरला बुलेटचं एकूण प्रमाण साधारण ५ पट, म्हणजे चाकावर ४८ न्यूटन-मीटर. १९ इंची रिमचं चाक ३३ सेंटिमीटर त्रिज्येचं धरलं तर ओढ होते जेमतेम १४५ न्यूटन, पंधरा किलोचं वजन ओढावं एवढी. स्वार, बॅटरी आणि जेनसेट धरून ३६० किलोची ही वरात डांबरी रस्त्यावर ताशी ४० ने न्यायला १३५ न्यूटन लागतात, तिथे चालून जातं. जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत याच्या कितीतरी पट लागतात. मोटर आपल्या नेमलेल्या ताकदीच्या दुप्पट-तिप्पट काही सेकंद देते, पण फेरे न घेता दीडशे अँपिअर खात उभी राहिली की दोन मिनिटांत वायंडिंगचा वार्निश वास मारतो. पहिल्या गिअरला हेच प्रमाण जवळपास १४ पट होतं, ओढ ४०० न्यूटनपर्यंत जाते आणि मोटर मोकळी फिरते. चिखलात पहिला, पांदणीत दुसरा, कोरड्या वाटेवर तिसरा, पक्क्या सपाट वाटेवर चौथा. क्लच सुटताना लागत नाही, फक्त गिअर बदलायला लागतो, त्यामुळे क्लचप्लेटा जवळजवळ झिजतच नाहीत.

आता साइडकार. तिचं चाक मागच्या चाकाच्या आसापेक्षा १५ ते २० सेंटिमीटर पुढे, पुढून १५ ते २० मिलिमीटर आत वळलेलं, आणि बुलेट उभी असताना साइडकारपासून दूर एखादा अंश कललेली, हे सगळीकडचं माप. आपल्याकडचं माप आणखी एक आहे. पांदणीला बैलगाडीची चाकोरी असते. बुलेट एका चाकोरीत आणि साइडकारचं चाक मधल्या उंचवट्यावर, असं झालं की गाडी पूर्ण वाट उजवीकडे कलून चालते, सगळं वजन एका बाजूच्या स्पोकवर येतं आणि हँडल ओढून हात भरून येतात. जोडदांड्या कापण्याआधी आपल्या वाटेची चाकोरी टेपने मोजावी आणि साइडकारचं चाक दुसऱ्या चाकोरीत पडेल एवढ्या लांबीच्या दांड्या कराव्यात. रुंदी वाढल्याने गावातल्या बोळात अडचण होते, ती चालवून घ्यावी. वेग घेताना गाडी डावीकडे ओढणार आणि ब्रेक दाबला की उजवीकडे घुसणार, हे मात्र कोणत्याही मापाने जात नाही. मडगार्ड आणि टायरमध्ये तीन बोटं अंतर ठेवा. काळी माती टायरला थरावर थर चढते, अंतर कमी असेल तर चाक जाम होतं आणि दोष मोटरला दिला जातो.

जेनसेटचं इंजिन म्हणून तीनचाकी मालगाड्यांतून निघालेलं ४०० सीसीच्या आसपासचं हवेने थंड होणारं डिझेल इंजिन भंगारात सहज मिळतं. ते ३,६०० फेऱ्यांना साडेसात अश्वशक्ती देतं, पण आपल्याला ते २,५०० वर चालवायचं. जनरेटर म्हणून गाडीचा अल्टरनेटर लावू नये, तो अर्धी ताकद उष्णतेत घालवतो. चाकाला आहे तशीच दुसरी ब्रशलेस मोटर उलटी फिरवावी, म्हणजे वीज देऊन फिरवण्याऐवजी फिरवून वीज घ्यावी. तिच्या तीन वायरी एसीची डीसी करणाऱ्या थ्री-फेज डायोड ब्रिजला, ब्रिज बॅटरीला.

इथून पुढे घाई करू नये, कारण सगळे कंट्रोलर इथेच मरतात.

४८ व्होल्टला ३,००० फेरे घेणारी मोटर दर व्होल्टमागे ६२ च्या आसपास फेरे घेते. उलट फिरवताना तेच गणित लागू. १६ सेलची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी चार्ज होताना ५४ व्होल्टच्या आसपास असते. डायोडमध्ये दीड व्होल्ट जातो, वायंडिंगमध्ये भाराखाली चारेक. म्हणजे जनरेटरला ६० व्होल्ट करायचे, त्यासाठी ३,७५० फेरे. इंजिन २,५०० वर, म्हणजे दीडपट. इंजिनवर ६ इंची पुली, जनरेटरवर ४ इंची. चक्कीचा बी सेक्शन पट्टा घरात पडलेला असतो म्हणून तोच लावायचा मोह होतो. तो जाड, ४ इंची पुलीवर इतक्या वेगाने वळताना आतून तापतो आणि पोटाला भेगा पडतात. ए सेक्शनचे दोन पट्टे, एकाच लांबीचे आणि सोबत विकत घेतलेले, शेजारी शेजारी लावावेत. शाफ्टला शाफ्ट थेट जोडण्याचा मार्ग टाळावा. एक-सिलिंडर इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदाच धक्का देतं, तो धक्का घट्ट कपलिंगमधून सरळ जनरेटरच्या चावीवर जातो आणि चावी कापली जाते. पट्टा थोडा घसरतो, ताकद खातो, पण धक्का गिळतो.

बॅटरीत किती अँपिअर जातात हे मुख्यतः इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतं. १०० फेरे वाढले की जनरेटरचे जवळपास अडीच व्होल्ट वाढतात, आणि वायंडिंगचा विरोध इतका कमी असतो की त्यापायी अँपिअरमध्ये बराच फरक पडतो. सुदैवाने डिझेलचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनचे फेरे आवरणारा भाग, स्वभावाने थोडा ढिला असतो. भार वाढला की फेरे थोडे उतरतात, त्यामुळे विजेचा प्रवाह आपोआप आवरतो. नवा, फार काटेकोर गव्हर्नर इथे उलट त्रास देतो.

पण याच गव्हर्नरचा वरचा स्क्रू मूळ ३,६०० वर राहिला तर? जनरेटर ५,४०० फेरे घेणार आणि उघड्या वायरींवर ८६ व्होल्ट येणार. ४८ व्होल्टच्या स्वस्त कंट्रोलरमधले कपॅसिटर ६३ व्होल्टचे असतात. बॅटरी जोडलेली आहे तोवर ती व्होल्टेज धरून ठेवते, म्हणून काही दिसत नाही. मग एक दिवस एखादा सेल बाकीच्यांच्या आधी भरतो, ३.६५ व्होल्टला बीएमएस (सेलांवर पहारा ठेवणारं सर्किट) बॅटरी तोडतो, आणि जनरेटर एकटा कंट्रोलरच्या समोर उभा राहतो. फटाक्यासारखा आवाज, मग जळक्या बेकेलाइटचा वास. मिस्त्री म्हणतो कंट्रोलर खराब निघाला, नवा बसवतो, तोही तसाच जातो.

उपाय तीन ठिकाणी करावा लागतो. गव्हर्नरचा वरचा स्क्रू २,६०० वर बसवून तारेने बांधून सील करावा. कंट्रोलर ७२ व्होल्ट वर्गाचा, १०० व्होल्टच्या कपॅसिटरांचा घ्यावा. आणि बीएमएस तोडण्याच्या आधीच जनरेटर बाजूला होईल अशी सोय करावी. सेल ३.५५ व्होल्टला पोचला की बीएमएसची इशारा रिले चालते, तिच्यावर जनरेटर आणि डायोड ब्रिजच्या मधला थ्री-फेज कॉन्टॅक्टर उघडायचा. पाणमोटरीच्या स्टार्टरमध्ये असतो त्याच घराण्यातला, फक्त कॉइल बॅटरीच्या व्होल्टेजची. डायोडच्या अलीकडे वीज एसी असते, दर आवर्तनात शून्यावर येते, म्हणून ठिणगी लवकर विझते. हाच कॉन्टॅक्टर डायोडच्या पलीकडे डीसीत लावला तर ठिणगी टिकते आणि पॉइंट एकमेकांना चिकटतात. त्याच रिलेवर इंजिनचं डिझेल बंद करणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. सोलेनॉइड वीज मिळाली तर डिझेल सोडणारा घ्यावा, म्हणजे कुठलीही वायर तुटली तर इंजिन बंदच पडेल.

बॅटरी १०० अँपिअर-तासांची, म्हणजे ५.१ युनिट. लहान का नको? जनरेटर भाराखाली ५५ अँपिअर देतो, आणि सेलला त्याच्या क्षमतेच्या निम्म्या वेगाने भरणं मानवतं. सेलांना दोन्ही टोकांना ॲल्युमिनियमच्या प्लेटा आणि चार लांब बोल्टांनी आवळून, मध्ये फायबरचा पत्रा घालून, पाळण्यावर रबराच्या गादीवर बसवावं. सेलांना जोडणाऱ्या पट्ट्या ताठ तांब्याच्या नकोत, विणलेल्या लवचिक हव्यात. ताठ पट्टी गाडीचं कंपन सरळ सेलच्या खांबाला देते, खांब मुळातून सैल होतो आणि तिथे गरम होऊ लागतो. वायरींना डाग (सोल्डर) देऊन भागवू नये. डाग जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि तिथेच तुटते. २५ चौरस मिलिमीटरची कल्हईदार वायर, हायड्रॉलिक पक्कडीने दाबलेले लग, आणि बॅटरीच्या धन खांबापासून वीतभर अंतरावर १५० अँपिअरचा फ्यूज. मुख्य स्विच लावण्याआधी १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरमधून दोन सेकंद कंट्रोलरचे कपॅसिटर भरून घ्यावेत, नाहीतर दर वेळी स्विचच्या पॉइंटवर चट्टा पडतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि बंद पेटीत आणखी दहा अंश चढतात. इतक्या गरम सेलातून वीज काढता येते, भरू मात्र नये, सेलचं आयुष्य झपाट्याने घटतं. उन्हाळ्यात जेनसेट सकाळी दहाच्या आत किंवा दिवेलागणीनंतर लावावा. इंजिनच्या फिन्स कापूस वेचणीच्या दिवसांत रोज बघाव्यात. उडती रुई तेलकट फिन्सना चिकटून गोधडी होते आणि इंजिन कारण नसताना पकडल्यासारखं करतं.

जेनसेट सोडण्या-जोडण्यासाठी फोर्कलिफ्टला असतो तसला १७५ अँपिअरचा अँडरसन कनेक्टर चांगला. त्यातूनच दोन बारीक वायरींचा फेरा काढून कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्यावा, पण त्याच्या पिना जाड पिनांपेक्षा आखूड ठेवाव्यात. कनेक्टर खेचताना आधी बारीक फेरा तुटतो, जनरेटर बाजूला होतो, आणि मग जाड पिना निघतात. इंजिन चालू असताना कोणी पोराने कनेक्टर ओढला तरी हाताला ज्योत लागत नाही. पेट्रोल गाडीत या प्रकारचा विचार करावा लागत नाही, म्हणून चांगले मिस्त्रीही इथे हलगर्जी करतात.

कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. हायब्रिड किंवा विजेचं किट लावायचं तर ते एआयएस-१२३ या वाहन मानकाप्रमाणे चाचणी होऊन मंजूर झालेलं हवं, आणि अशी चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. गावठी लेथवर घडलेली ही गाडी त्या मंजुरीत बसत नाही. ती धुऱ्याच्या आत, आपल्या वावरात आणि गोठ्यापर्यंत. राज्यमार्गावर नेऊन अपघात झाला तर विमाही उभा राहणार नाही.

सगळं जोडून झालं की प्रत्येक महत्त्वाच्या नटावर, नटापासून प्लेटपर्यंत, पिवळ्या ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढावी. पाळण्याचे आठ बोल्ट, साइडकारच्या चार दांड्या, जनरेटरचा पाया, सेलांचे खांब. पहिल्या ५० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन खाली बसावं. रेघ जिथे दोन तुकड्यांत दिसेल तो नट फिरलेला आहे. बहुतेक वेळा ती जनरेटरच्या पायाशी तुटलेली सापडते, आणि पट्टाही तेवढाच सैल झालेला असतो.